नामांकित कॉलेजच्या मागे काही घरं लागतात, काही का लागत नाहीत? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. निकाल लागला की जिल्हाभरातून पालकांचे फोन आणि मेसेज सुरू होतात. हल्ली मुलंही स्वतः विचारतात. त्यातले जे प्रश्न दरवर्षी येतातच, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. फी आणि सवलतींचे नियम बदलत राहतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर वाचा.

१. नामांकित कॉलेज म्हणजे फक्त आयआयटीच का?

नाही. जिथे जागा मोजक्या, अर्ज भरमसाट आणि निवड परीक्षेच्या जोरावर, ते कॉलेज इथे धरलं आहे. देशात २३ आयआयटी आहेत. आपल्याला रस्त्याने सगळ्यात जवळची धारवाडला, बेळगावच्या पुढे, पुणे-बेंगळुरू महामार्गावर. आणि ही गोष्टच अनेक पालकांना माहीत नसते. मूलभूत विज्ञानासाठी पुण्यात २००६ पासून आयसर आहे. रसायन तंत्रज्ञानासाठी माटुंग्याची आयसीटी, अभियांत्रिकीसाठी पुण्याचं १८५४ चं सीओईपी आणि मुंबईचं १८८७ चं व्हीजेटीआय. वैद्यकीयसाठी एम्स, कायद्यासाठी क्लॅट या प्रवेश परीक्षेतून मिळणारी राष्ट्रीय विधी विद्यापीठं. कला आणि वाणिज्यच्या मुलांना २०२२ पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दिल्ली विद्यापीठात जाता येतं. आपल्याकडे हुशार मूल म्हणजे सायन्स हे समीकरण इतकं घट्ट आहे, की शेवटच्या दोन वाटांबद्दल मला वर्षाकाठी फारसं कुणी विचारतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२. दोन पोरं, मार्क सारखेच. एकाच्या घरचे आठवीपासून जेईईच्या (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या) मागे आणि दुसऱ्याच्या घरी विषयच नाही. असं का होतं?

लोक पटकन म्हणतात, दुसऱ्या घराला शिक्षणाची किंमत नाही. हे मला पटत नाही. मुलाच्या फीसाठी म्हैस विकणारी घरं मी पाहिली आहेत. शिक्षणाची ओढ दोन्ही घरांत असते. त्या कॉलेजकडे जाणारी वाट एका घराला दिसत असते आणि चुकलं तर सावरण्याची ऐपत एका घरात जास्त असते, फरक तिथे पडतो.

कागल तालुक्यातल्या एका घरी बसलो होतो. मुलाला चांगला रँक मिळालेला. वडिलांनी वहीत सगळा हिशेब मांडला होता: ऊसबिल किती येणार, सोसायटीचं कर्ज कापून हातात काय राहणार, दर दहा दिवसांचं दूधबिल किती. फीचा आकडा बघून ते डगमगले नाहीत. वही मिटून त्यांनी विचारलं, "सर, पैशाचं बघतो मी. पण पोरगं तिथं आजारी पडलं तर दवाखान्यात कोण न्यायचं?" ताराबाई पार्कातल्या डॉक्टरांच्या घरी हा प्रश्न निघत नाही. तिथे कुणाची तरी मावशी पवईत, आयआयटी मुंबईजवळ राहते, कुणाचा चुलतभाऊ त्याच होस्टेलमधून पास होऊन गेलेला असतो. कोणती शाखा घ्यावी, कोणती फेरी सोडावी, रॅगिंग झालं तर कुणाला फोन करावा, हे त्या घरात जेवताना बोललं जातं. कागलच्या घरात यातलं काहीच माहीत नसतं, त्यामुळे कॉलेज कितीही मोठं असलं तरी त्यांच्यासाठी ती अंधारातली उडी ठरते.

दुसरी बाब झेपण्याची. एक वर्ष रिपीट करून जमलं नाही, तर डॉक्टरांच्या घरात फार काही बिघडत नाही. जिथे मोठ्या मुलाच्या पगारावर बहिणीचं लग्न आणि घराची स्लॅब अवलंबून आहे, तिथे एक वर्ष म्हणजे फार मोठी किंमत.

अमेरिकेत कॅरोलिन हॉक्सबी आणि क्रिस्टोफर एव्हरी या अर्थतज्ज्ञांनी हाच प्रश्न तपासला. तिथली कमी उत्पन्नाच्या घरातली अतिशय हुशार मुलं बहुतांशी निवडक कॉलेजांना अर्जच करत नाहीत, असं त्यांना आढळलं. अर्ज न करणारी मुलं मुख्यतः लहान गावांतली होती, जिथे त्यांच्यासारखी इतर मुलं कमी आणि अशा कॉलेजात शिकलेला शिक्षक भेटणंही दुर्मीळ. देश वेगळा आहे, पण वाचताना मला राधानगरी आणि चंदगडच डोळ्यांसमोर येत होते.

३. शेवटी सगळं पैशावरच येतं ना?

बरंचसं येतं, सगळं नाही. आयआयटीच्या बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला २ लाख रुपये. हा आकडा ऐकूनच बरीच घरं मागे फिरतात. पण अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ही फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखापर्यंत असेल तर कुणालाही पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांना प्रत्यक्षात वर्षाला ६७ हजारांच्या आसपास शिकवणी फी पडते. होस्टेल आणि मेस वेगळी. अनेक खासगी कॉलेजांच्या फीपेक्षा ही रक्कम कमी आहे.

कर्जाचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी कुठली सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सवलत आहे. यादीत आपलं कॉलेज आहे का, ते आधी पाहा.

मग तरीही लोक का थांबतात? कारण माफी "मिळेल" आणि माफी "मिळाली" यात घराच्या दृष्टीने फार अंतर आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने एक प्रयोग केला. कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांना थेट घरी पत्र पाठवलं: तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, त्यासाठी वेगळे आर्थिक कागद भरायची गरज नाही. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांना एरवीही तेवढी मदत मिळालीच असती. तरी पत्र गेलेल्या मुलांमध्ये तिथे दाखल होणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. वाढीव पैसा जवळपास नाही. फक्त खात्री आधी दिली गेली. म्हणून तुमच्या मुलाच्या बाबतीत कोणती सवलत लागू होते, ते अकरावीतच कागदावर लिहून घ्या. बारावीच्या जूनमध्ये धावपळ करून काही हाती लागत नाही.

४. पण ज्यांच्याकडे भरपूर पैसा आहे, त्यांचीही मुलं इथेच शिकतात. ते का?

कारण त्यांच्यासाठी कॉलेज हे पोट भरण्याचं साधन नाही. उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत ज्याची फाउंड्री आहे, हुपरीत ज्याचा चांदीचा व्यवसाय आहे, इचलकरंजीत ज्याचे माग आहेत, त्याच्या मुलाची नोकरी जन्मापासून ठरलेली असते. चार वर्षं बाहेर राहिला तर गिऱ्हाईक, कामगार, उधारी-वसुली यांची ओळख तुटते. इथे मेकॅनिकल करता करता संध्याकाळी शॉपवर बसला तर ती होत जाते. त्या घराचा हिशेब त्याच्या परीने बरोबर आहे.

एक सुचवेन. निर्यातीची कामं घेणाऱ्या कारखान्यांना आता धातुशास्त्र, डिझाइन आणि परदेशी व्यवहार कळणारी माणसं लागतात. घरचा व्यवसाय आहे म्हणून बाहेर जायचं नाही, याऐवजी घरच्या व्यवसायाला काय लागेल ते शिकायला जायचं, असा विचार होऊ शकतो. मुलाला व्यवसायात यायचंच नसेल तर प्रश्न ११ पाहा.

५. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तर शिक्षणाची परंपरा आहे. मग इथली मुलं मागे का राहावीत?

परंपरा आहेच, आणि महाराजांनी जे केलं त्यातच या प्रश्नाचं उत्तर आहे. राजाराम कॉलेज १८८० पासून होतं. पण खेड्यातल्या बहुजन मुलासाठी कॉलेज असणं पुरेसं नव्हतं. त्याला शहरात राहायचं कुठे, जेवायचं काय आणि आपलं म्हणावं असं कोण, हे प्रश्न आधी होते. म्हणून महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची, अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्यांतल्या काहींच्या इमारती आजही दिसतात. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या गेल्या. म्हणजे शिकून पुढे काय, याचंही उत्तर दिलं गेलं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं.

निवारा, सोबत आणि शेवटी नोकरीची आशा, हे तिन्ही एकत्र आल्यावर घरांनी मुलं पाठवली. कागलच्या त्या वडिलांचा प्रश्न (प्रश्न २) सव्वाशे वर्षांपूर्वीही हाच होता. फरक इतकाच की तेव्हा कोल्हापूर शहर लांब वाटायचं, आता मुंबई, दिल्ली, कानपूर वाटतं. पवईत किंवा कानपुरात आपलं बोर्डिंग नाही. तिथे आपल्या भागातून आधी गेलेली मुलं हाच आधार, आणि हा आधार ठरवलं तर उभा करता येतो.

६. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी शिकलेलं नाही. सुरुवात कुठून करायची?

तारखांपासून. जाणत्या घरांचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्यांना तारखा आधी माहीत असतात. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिलमध्ये होते, पण जानेवारीचा फॉर्म आदल्या दिवाळीच्या आसपास भरावा लागतो. जेईई अॅडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटीसाठीची दुसऱ्या टप्प्याची परीक्षा, लागोपाठच्या दोन वर्षांत फक्त दोनदा देता येते. आयसरची परीक्षा वेगळी आणि तिचा फॉर्मही वेगळा. जेईई दिली म्हणजे आयसरचा अर्ज झाला, असं नसतं. आयआयटीसाठी बारावीत ७५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गात अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५. किंवा मग आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. बोर्डाकडे दुर्लक्ष करून नुसत्या क्लासला जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

दुसरं, त्या कॉलेजात सध्या शिकणारा आपल्या तालुक्यातला एक तरी मुलगा किंवा मुलगी शोधा. शाळेतल्या सरांना विचारा, पाहुण्यांत विचारा. ही मुलं गणपतीला किंवा दिवाळीला घरी येतात. त्यांना घरी चहाला बोलवा आणि मुलाइतकंच आईलाही त्यांच्याशी बोलू द्या. अर्ध्या तासात जे कळतं ते माझ्या दहा भाषणांत कळत नाही.

मूल अजून पाचवीत असेल तर कागलच्या जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा जरूर द्यायला लावा. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण मोफत, आणि घराबाहेर राहायची सवय लहानपणीच होते.

७. लेकीला एवढ्या लांब पाठवायचं का? पाहुणे नको म्हणतात.

पाहुणे फी भरणार नाहीत आणि तिचं आयुष्यही जगणार नाहीत. हे जरा कडक वाटेल, पण मार्क मुलापेक्षा जास्त असताना "हिला इथेच घालूया" असं ठरलेलं मी फार वेळा पाहिलं आहे. आणि ते ठरताना ती खोलीत नसते.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आईवडिलांना सुरक्षिततेची काळजी असणारच. तेव्हा आधी जाऊन बघा. मुलींचं होस्टेल आवारातच आहे का, रात्री गेटचे नियम काय आहेत, वॉर्डनशी समोरासमोर बोला. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचता येतं. आवार पाहून आल्यावर मत बदललेले वडील मला माहीत आहेत.

आयआयटीत मुलींसाठी २०१८ पासून जादा जागा आहेत. त्या मुलांच्या जागा कमी करून दिलेल्या नाहीत. राज्यात जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप फेरीतूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही.

८. कोल्हापुरात सगळं असताना बाहेर जायचंच कशाला?

जायलाच हवं असं नाही. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, चांगली अभियांत्रिकी कॉलेजं आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी सांगलीत वालचंद अभियांत्रिकी कॉलेज आहे. एमबीबीएसला इथल्या शासकीय कॉलेजात जागा मिळत असेल तर लांबच्या महागड्या कॉलेजचा विचारही करू नका. यूपीएससी-एमपीएससीच करायचं पक्कं असेल तर कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. सैन्यात किंवा पोलिसात भरती व्हायचं असेल तर प्रश्नच वेगळा आहे आणि त्या वाटेला मी कमी लेखत नाही.

पण संशोधन, मूलभूत विज्ञान, मोठ्या कंपन्यांतलं डिझाइनचं काम, राष्ट्रीय पातळीवरचा कायदा, यासाठी बाहेरच्या संस्थेत जे मिळतं ते इथे आज मिळत नाही. प्रयोगशाळा, सोबतची मुलं आणि भरतीला येणाऱ्या कंपन्या, तिन्हींत फरक आहे.

९. नामांकित कॉलेजने खरंच आयुष्य बदलतं, की हुशार पोरगं कुठेही चमकतंच?

या प्रश्नावर स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या ज्या मुलांना निवडक कॉलेजांत प्रवेश मिळाला होता पण जी दुसरीकडे शिकली, त्यांची कमाई तिथे गेलेल्या मुलांच्या जवळपासच निघाली. म्हणजे हुशार पोरगं बहुधा चमकतंच. पण त्याच अभ्यासात एक अपवाद होता: गरीब घरातल्या मुलांना निवडक कॉलेजचा स्पष्ट फायदा झाला.

मला हा अपवाद सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांच्या मुलाच्या ओळखी घरातूनच येतात, त्याला कॉलेज नसलं तरी वाट सापडते. शाहूवाडीच्या मुलाला त्या ओळखी कॉलेजच देतं. ज्या घरांना सगळ्यात जास्त मिळण्यासारखं आहे, तीच घरं अर्ज करत नाहीत. यासाठीच मी दरवर्षी इतका बोलत असतो. हे निष्कर्ष अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. पण तर्क इथेही लागू पडतो.

१०. आम्ही मराठा, दाखला एसईबीसीचा आहे. आयआयटीला चालेल का? जमीन असल्यावर ईडब्ल्यूएस मिळतं का?

एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे. राज्यातल्या कॉलेजांच्या प्रवेशाला तो चालतो, केंद्राच्या संस्थांना चालत नाही. तिथे पात्र असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा लागतो. केंद्राच्या निकषांत उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी हवं आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी हवी. उत्पन्न कमी असूनही ५ एकरांवर जमीन असलेली घरं इथे अडकतात. सातबारा भाऊकीत सामाईक असेल तर हिस्सा कसा धरतात, ते तहसील कार्यालयात आधीच विचारून घ्या.

ओबीसींनीही लक्ष द्यावं: राज्याची आणि केंद्राची यादी वेगवेगळी आहे, आणि नॉन-क्रीमी लेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. जुना दाखला नेऊन जागा हुकली, ही तक्रार दरवर्षी येते.

११. पोराला जायचंय, घरचे नको म्हणतात. किंवा उलट, घरचे मागे लागलेत आणि पोराचं मन नाही. काय करावं?

पहिल्या प्रकारात घरच्यांची नेमकी अडचण शोधा. "नको" च्या मागे बहुतेक वेळा एकच ठोस भीती असते: कर्ज, आजारपण, परत न येणं. ती एक सुटली की बाकीचं सुटतं. मुलांनी वाद घालण्यापेक्षा खर्चाचा कागद आणि होस्टेलचा फोन नंबर समोर ठेवावा.

दुसऱ्या प्रकारात मी मुलाच्या बाजूने उभा राहतो. शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून आपल्या मुलालाही राजस्थानातल्या कोट्याला किंवा लातूरला क्लाससाठी पाठवणारी घरं आहेत. सोळा वर्षांचं मूल मनाविरुद्ध एकटं राहून दिवसाचे बारा-चौदा तास अभ्यास करतं, त्याचा ताण फोनवर कळत नाही. झोप उडाली असेल, बोलणं कमी झालं असेल, तर त्याला घरी आणा. कॉलेज नंतर बघता येईल.

१२. मोठ्या क्लासशिवाय जमतं का?

जमतं, पण कमी जणांना, आणि वेळ जास्त लागतो. एनसीईआरटीची पुस्तकं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि शंका विचारायला एक चांगला शिक्षक, एवढं किमान हवंच. क्लाससाठी जमीन गहाण टाकू नका.

१३. बारावी होऊन गेली, आता बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. वेळ गेली का?

अजिबात नाही, आणि ही वाट इथल्या मुलांनी फारच कमी वापरली आहे. कोल्हापुरात बी.एस्सी. करून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं, त्यासाठी जॅम ही परीक्षा आहे. ती साधारण फेब्रुवारीत होते आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही देऊ शकतात. फॉर्म आधीच्या सप्टेंबरच्या आसपास निघतात. इंजिनिअरिंगवाल्यांना गेट ही परीक्षा देऊन एम.टेक., कुठल्याही पदवीधराला कॅट ही परीक्षा देऊन व्यवस्थापनासाठी आयआयएम. ज्या घराला अठराव्या वर्षी मुलाला लांब पाठवणं झेपलं नाही, त्याला एकविसाव्या वर्षी बहुधा झेपतं: मूल मोठं झालेलं असतं, इंग्रजीची भीड थोडी कमी झालेली असते. शिवाय गेटमधून एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. घरून पैसे मागवायला संकोचणाऱ्या मुलांनी हा आकडा आपल्या वडिलांना आवर्जून सांगावा.